उजेड पाडणारे नाना

आमच्या निफाड तालुक्यात कुणालाही ‘काय उजेड पाडला?’ असं विचारलं, तर तो मान खाली घालतो. नाना मान वर करून आकडा सांगतात. सध्या ११.

नानांकडे छोटा ट्रॅक्टर आहे. द्राक्षबागेच्या मांडवाखालून, दोन ओळींमधल्या ९ फुटांतून औषध फवारायचा ब्लोअर ओढत जायचं, एवढंच त्याचं काम. कंपनीने त्याला पुढे दोन दिवे दिलेत आणि मागे नांगरावर उजेड पडावा म्हणून एक. बाकीच्यांचं तेवढ्यात भागतं. ऑक्टोबर छाटणीनंतर रात्री पाऊस झाला की डावणी रोगाच्या धास्तीने गाव पहाटे तीनला औषध मारायला निघतं, ते याच उजेडात. नानांचंही भागत होतं. मग एका पहाटे त्यांना मागच्या चाकापाशी काहीतरी दिसलं नाही. काय, ते त्यांना आजही सांगता येत नाही. दिसलंच नव्हतं तर सांगणार काय? पण दुसऱ्या दिवशी दोन्ही मडगार्डांवर ५५ वॅटचा एकेक हॅलोजन फोकस बसला.

मडगार्डवरच्या फोकसने ब्लोअरची टाकी लख्ख उजळली आणि तिची सावली नेमकी नोझलवर पडली. म्हणून टाकीमागे तिसरा. मागे एवढा झगमगाट झाल्यावर पुढचं सगळं काळंकुट्ट वाटायला लागलं. म्हणून बोनेटवर चौथा. त्याचा उजेड बोनेटच्या लाल पत्र्यावरून थेट नानांच्या डोळ्यांत यायला लागला. दुसऱ्या कुणी फोकस हलवला असता. नानांनी बोनेट काळं रंगवलं.

चारही फोकस मूळच्या बटणावरच जोडलेले होते. २२० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १८ अँपियरच्या वर. बटण तिसऱ्या रात्री वितळलं. मग रिले आला. नाना ओट्यावर बसून दातांनी वायर सोलत होते. नानी चहा घेऊन आल्या तर त्यांनाही शिकवणी सुरू झाली: “हे बघ, ८५ आणि ८६ ला बटणाची बारीक वायर. ३० ला बॅटरीची जाड वायर, मधे फ्यूज. ८७ वरून फोकस.”

“मग त्या ८७ वरून मोरीत एक ओढा,” नानी म्हणाल्या. “दिवाळीपासून बल्ब गेलाय.”

रिलेने बटण वाचलं, बॅटरी वाचली नाही. इंजिन हळू चालत असलं की अल्टरनेटर कमी पडतो आणि उरलेलं बॅटरीतून जातं. नानांचा ट्रॅक्टर तेव्हापासून उतारावर उभा असतो. गावातल्या प्रत्येक तरण्या पोराने त्याला एकदा तरी धक्का मारलाय.

शेवटी पिंपळगावच्या इलेक्ट्रिशियनने एलईडीचा मार्ग दाखवला. १८ वॅटचा एक दिवा, दीड अँपियर. खर्च एकदम तिसरा हिस्सा. दुसरा माणूस इथे बचत करून थांबला असता. नानांनी हिशेब उलटा केला: एका हॅलोजनच्या जागी ३, तर चारांच्या जागी १२. त्यांनी आठच लावले. “चार शिल्लक आहेत,” हे ते बँकेत ठेव असल्यासारखं सांगतात.

त्यांच्या गड्याने मात्र मला खासगीत वेगळंच सांगितलं. ब्लोअर सुरू झाला की औषधाच्या धुक्यावर हा पांढरा उजेड पडतो आणि समोर चुना फासलेली भिंत उभी राहते. ओळ दिसत नाही, वेल दिसत नाही. म्हणून फवारणीच्या वेळी नाना नवे आठही बंद करतात आणि कंपनीच्या दिव्यांवर जातात. मी हे नानांना विचारलेलं नाही. शेजारधर्म असतो.

मग ते आठ लागतात कधी? घरी परतताना. आणि कुणाच्याही अडीनडीला. बांधावर साप निघाला, कुणाची मोटर जळाली, की नाना हजर. परवा सप्ताहात कीर्तन ऐन रंगात असताना वीज गेली. पाच मिनिटांत उतारावरून ट्रॅक्टर आला, मंडपासमोर वळला आणि पुढचे सगळे पेटले. टाळकऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले. बुवांनी मात्र न डगमगता वरचा सूर लावला, आणि तालुक्यातली झाडून सगळी पाखरं मंडपात आली. बुवा ‘विठ्ठल’ म्हणायला गेले ते ‘विठ्’वरच थांबले. खोकले. पाणी प्याले.

“नाना, बंद करा!” मागून कुणीतरी ओरडलं.

नानांनी बंद केले. समईच्या उजेडात कीर्तन पुन्हा उभं राहिलं. नाना अंधारात चाचपडत माझ्या शेजारी येऊन बसले. थोडा वेळ त्यांनी टाळ्याही धरल्या. मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, “पांढऱ्यावर पाखरं येतात रे. पिवळ्यावर कमी येतात. चार शिल्लक आहेतच.”