सोसायटीचं भलं करू इच्छिणाऱ्यांसाठी

समाजासाठी काहीतरी करावं ही इच्छा माणसाला साधारणपणे रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर आणि दुसऱ्या चहाच्या आधी होते. ती दुपारच्या जेवणापर्यंत टिकली तर प्रकरण गंभीर समजावं. अशा जिज्ञासूंसाठी ही मार्गदर्शिका रचली आहे. तिचं कार्यक्षेत्र म्हणजे पुण्यातली एक मध्यमवयीन सहकारी गृहनिर्माण संस्था. देश सुधारण्याची सोय वाचकांनी इतरत्र पाहावी.

जुन्या ग्रंथांत आधी अधिकारी कोण ते सांगत. या शास्त्राचा अधिकारी तो, ज्याला सोसायटीच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे ठाऊक आहे. अनधिकारी कोण, तेही सांगून टाकतो, कारण हा सगळा खटाटोप त्याच्याचपायी आहे. त्याला आम्ही सूचक म्हणतो. सूचक वार्षिक सभेत दुसऱ्या रांगेत पंख्याखाली बसतो आणि ‘माझी एक नम्र सूचना आहे’ म्हणत उभा राहतो. गच्चीवर सौर दिवे हवेत. मुलांसाठी संस्कारवर्ग हवा. मागच्या भिंतीलगत देशी झाडं हवीत. सूचना एकेक उत्तम असते. खड्डे कोणी खणायचे असं विचारलं की सूचक खाली बसतो.

नियम पहिला : सभेला यावं, आणि दिलेल्या वेळेला यावं.

सहकार कायद्याप्रमाणे दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. नोटिशीच्या तळाशी एक ओळ असते : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. सभासद सगळी नोटीस सोडून एवढी एकच ओळ वाचतात. त्यामुळे साडेदहाची सभा अकराला असते हे आता शेंबड्या पोरालाही माहीत झालं आहे. माहीत नसल्यासारखं वागतात ते एकटे आमचे सेक्रेटरी. सव्वादहालाच ते पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून तयार असतात. टेबलावर हजेरीवही, तिच्यावर दोऱ्याने बांधलेलं पेन, लेखापरीक्षण अहवालाच्या प्रती, आणि त्या उडू नयेत म्हणून वर पंपाचा जुना नटबोल्ट. साडेदहाला ते स्वतःची सही करतात, रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा बघतात आणि कायदेशीररीत्या सभा तहकूब करतात. मग अर्धा तास तिथेच बसून राहतात. तेवढ्यात कोणी खाली उतरून शेजारी बसलं तरी चालेल. बोललंच पाहिजे असं नाही.

उपनियम : हिशेबपत्रक घरून वाचून यावं आणि शंका लेखी स्वरूपात आधी कळवाव्यात. ‘सिंकिंग फंड म्हणजे नक्की काय?’ हा प्रश्न सभेत विचारू नये. तो दर वर्षी विचारला जातो, दर वर्षी तोच माणूस विचारतो.

नियम दुसरा : जिन्यातला दिवा गेला असेल तर बदलावा. त्यावर चर्चा नको.

नियम तिसरा : कचरा.

इथे थोडं थांबावं लागेल. १९९३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली. डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आली. म्हणजे सकाळी आपल्या दाराशी येणाऱ्या मावशी एका सहकारी संस्थेच्या सभासद आहेत आणि आपण दुसरीचे. फरक एवढाच की त्यांची संस्था वेळेवर येते.

शास्त्रोक्त पद्धत अशी. ओला वेगळा, सुका वेगळा, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. चुकतं ते पुढचं. डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून पुडीवर लाल ठिपका काढावा. ठिपका दिसला की मावशींना पुडी उघडून पाहावी लागत नाही. फुटलेली काच कागदात बांधून, तोंडाने सांगून, हातात द्यावी. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नये, नुसती चीर द्यावी. नखाएवढा तो तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. पिशवी विसळून वाळवली की तिला भंगारात भाव मिळतो, आणि तो मावशींच्या पदरात पडतो. ओला कचरा सोसायटीतच जिरवत असाल आणि वास येत असेल, तर तो कचऱ्याचा दोष नाही, ओल जास्त झाली आहे. वाळका पाला घालावा आणि खालीवर करावं. आमच्या मागच्या अंगणात वाळक्या पाल्याचा तुटवडा नाही, कारण तो गोळा करायची सूचना अजून मंजूर व्हायची आहे.

गेल्या सभेत सूचकांनी कचऱ्यापासून वीज तयार करण्याची सूचना मांडली होती. त्यांच्या दाराबाहेर रोज सकाळी एकच काळी पिशवी असते. तिच्यात चहाचा चोथा, औषधाच्या बाटल्या, नारळाची शेंडी आणि वीज, सगळं एकत्र.

नियम चौथा : नोव्हेंबर महिना म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवावा.

निवृत्तिवेतन चालू राहायचं तर दर नोव्हेंबरला आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. (केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.) आता हे काम घरबसल्या फोनवर होतं. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप, आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक, बँकेचा खातेक्रमांक, आणि ओटीपी येतो तो फोन हाताशी. एवढं जमवलं की पंधरा-वीस मिनिटांचं काम. तरी आमच्याकडे आजी-आजोबा रिक्षा करून बँकेत जातात आणि रांगेत उभे राहतात, कारण फोन ज्यांना कळतो ते सगळे त्या वेळी फोनवरच असतात.

चौथ्या मजल्यावरच्या आजींचा दाखला दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाने काढला. त्याने आजींना खिडकीकडे तोंड करून बसवलं. हे महत्त्वाचं आहे, उजेड पाठीमागून आला तर चेहरा काळा येतो. चष्मा काढायला लावला आणि म्हणाला, ‘‘आजी, आता डोळे मिचकवा.’’

‘‘कोणाला?’’ आजींनी विचारलं.

‘‘फोनला.’’

‘‘या वयात हेच राहिलं होतं,’’ म्हणत आजींनी दोन्ही डोळे असे घट्ट मिटले की उघडेपर्यंत ॲपची मुदत संपली. दुसऱ्या खेपेला जमलं. आपण हयात असल्याचा मेसेज आजींनी तीनदा वाचून घेतला आणि मुलाला बेसनाचा लाडू दिला. जाता जाता त्याने हेही सांगितलं की दाखल्याच्या नावाखाली कोणी फोन करून ओटीपी मागितला तर द्यायचा नाही. आजी म्हणाल्या, मी लाडवाची कृती देत नाही, ओटीपी कसला देते!

नियम पाचवा : रक्त द्यावं, पण गर्दीत देऊ नये.

नेत्यांचे वाढदिवस आणि जयंत्या यांना शिबिरांचा पूर येतो. रक्त साधारण पाच आठवडे टिकतं, त्यातल्या प्लेटलेट पाचच दिवस. खरी ओढाताण मे महिन्यात आणि दिवाळीत होते. कॉलेजं बंद, माणसं गावी. त्या वेळी आपल्या पायांनी रक्तपेढीत जावं. पुरुषांना दोन दानांत तीन महिन्यांचं अंतर लागतं, स्त्रियांना चार. प्रमाणपत्र मिळतं, पण हार मिळत नाही, म्हणून पुष्कळांना रस्ता सापडत नाही.

नियम सहावा ते आठवा एकदमच सांगतो, चहा गार होतोय. खालच्या वाण्याकडून फक्त रात्री संपलेलं दही आणू नये, महिन्याचा किराणाही त्याच्याकडून भरावा. आपण गावाला गेलो की किल्ली आणि कुरिअर तोच सांभाळतो. वाचनालयाची वर्गणी भरावी. १८४८ पासून चालू असलेलं पुणे नगर वाचन मंदिर काही त्याच्या अभिमानावर चाललेलं नाही. आणि गणपतीतला कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबावं. कार्यक्रमात गाणारे पुष्कळ असतात, आवाजही बरे असतात. खुर्च्या मात्र दर वर्षी तीच तीन माणसं उचलतात आणि त्यांतल्या एकाच्या गुडघ्याचं गेल्या पावसाळ्यात ऑपरेशन झालं.

ते सेक्रेटरी. माणूस तिरसट आहे, यात वाद नाही. पार्किंगच्या पांढऱ्या रेषेवर चाक आलं तर चिठ्ठी लावतात, आणि चिठ्ठीत ऱ्हस्वदीर्घाची चूक नसते याचाच राग जास्त येतो. पण एप्रिलमध्ये रात्री अकराला पंप जळाला, तेव्हा ग्रुपवर ‘पाणी कधी येणार?’ असे भराभर निरोप पडत होते आणि हे बनियनवर, टॉर्च तोंडात धरून, टाकीच्या झाकणाशी वाकले होते. पहाटे पाणी आलं. ग्रुपवर सूचकांनी लिहिलं, ‘यापुढे दोन पंप ठेवावेत ही नम्र सूचना.’ त्याला सतरा अंगठे आले. सेक्रेटरींनी काही लिहिलं नाही, ते झोपले होते.

यंदाची सभा सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, पार्किंगमध्ये आहे. खजिनदारपद गेल्या वर्षापासून रिकामं आहे. इच्छुकांनी नाव द्यावं. ज्यांना नाव सुचवायचं असेल त्यांनी स्वतःचं सुचवावं.