अण्णांची एम. बी.

अण्णांनी वर्गणी मागितली आणि माणूस सुटला, असं आमच्या नात्यात अजून घडलेलं नाही. साताऱ्यात गणपती मंडळाचं पावतीपुस्तक त्यांच्याच हातात असायचं. पाटबंधारे खात्यातली नोकरी संपली, गुडघे कुरकुरायला लागले, पण पावतीपुस्तक काही सुटलं नाही. आता दर उन्हाळ्यात ते लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे रेडिंगला येतात, तेव्हा ते फोनच्या आत येतं, एवढाच फरक. अण्णा माझे सासरे. त्यामुळे या लिखाणात जिथं जिथं मी गप्प बसलेला दिसेन, तिथं कारण विचारू नये.

मागणाऱ्याला संकोच वाटतो, अशी आपली समजूत आहे. अण्णांच्या बाबतीत संकोच पूर्णपणे देणाऱ्याकडे असतो. कुठल्याशा बारशाला जस्टगिव्हिंग या वर्गणीच्या संकेतस्थळावरचं पान उघडून ते समोरच्याला म्हणाले, “तुमचं नाव दिसत नाही ते? की चष्मा बदलू?” त्यातून ब्रिटनमध्ये गिफ्ट एड नावाचा प्रकार आहे. इथं कर भरणाऱ्यानं एक पौंड दिला की सरकार त्यात पंचवीस पेन्स घालतं. हे कळल्यावर अण्णांना रात्रभर झोप आली नाही. “सरकार स्वतःहून पैसे घालतं, आणि तुम्ही ती चौकट टिक न करता पुढे जाता?” असं ते एका डेंटिस्टला, तोंड उघडं असताना, म्हणाले. तोंड अण्णांचंच उघडं होतं, तरी म्हणाले.

या खेपेच्या वर्गणीचं निमित्त शेजारच्या घरातलं. तिथल्या बाईंची मुलगी सव्वीस वर्षांची आहे, आणि तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. डॉक्टर हा आजार जितका वेळ घेऊन समजावतात, त्याच्या चौथाई वेळात अण्णा समजावतात, कारण त्यांच्या मते तो मुळात त्यांच्याच खात्यातला आहे. “पेशीच्या भिंतीला क्लोराइडचं गेट असतं. सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात नकाशा चुकला की गेट बनत नाही, किंवा बनतं पण जागेवर बसत नाही, किंवा बसतं पण उघडत नाही. गेट बंद, तर पाणी नाही. पाणी नाही, तर गाळ.” तो गाळ फुप्फुसांत साचतो आणि त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. घामातून मीठ मात्र वारेमाप जातं. निदानाची जुनी परीक्षाही घामाचीच. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. ब्रिटनमध्ये पंचवीस माणसांत एकजण ते बाळगून असतो आणि त्याला पत्ताही नसतो. जनुक सापडलं १९८९ मध्ये. तीन औषधं एकत्र असलेली गोळी अमेरिकेत मंजूर झाली २०१९ मध्ये. त्यातली दोन गेट जागेवर नेऊन बसवतात आणि तिसरं ते उघडं धरतं. मधली तीस वर्षं ऐकून अण्णा म्हणाले, “म्हणजे धरणाएवढीच.”

गोळी सुरू झाल्यावर त्या मुलीचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येईनासा झाला. पण ती गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. ज्यांच्या जनुकातला बिघाड वेगळ्या जातीचा आहे, ते अजून वाटच पाहत आहेत. संशोधनाला पैसे लागतात, या आजाराच्या ट्रस्टकरता लोक लांब लांब चालतात, असं शेजारच्या बाई कुंपणावरून सहज बोलून गेल्या. अण्णांच्या समोर काहीही सहज बोलू नये.

कुठं चालायचं याची चर्चा झाली नाही, निर्णय कळवला गेला. हेड्रियनची भिंत. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेच्या बोनेसपर्यंत ८४ मैल, म्हणजे सुमारे १३५ किलोमीटर. डोंगर, तळी, समुद्रकिनारे असे पर्याय असताना हीच का? “सरकारी बांधकाम आहे. बघून ठेवलेलं बरं.” इ. स. १२२ मध्ये सुरू झालेल्या कामाची पाहणी करायला पाटबंधारे खात्याचा निवृत्त उपअभियंता निघाला, सोबत सामान उचलायला जावई. “जावईबापू, तुम्ही नुसते बरोबर असा,” असं ते म्हणाले. त्या ‘नुसतं’चं वजन पाठीवर साधारण अकरा किलो भरलं.

तयारीबद्दल फार लिहीत नाही. बूट आम्ही महागाचे घेऊन दिले. ते त्यांनी तीन दिवस घरात घालून पाहिले आणि “यात पाय कुठं संपतो ते कळत नाही” म्हणून कॅनव्हासचे बूट बाहेर काढले. ट्रस्टचा पिवळा टी-शर्ट त्यांनी फुलशर्टाच्या वरून घातला. डोक्यावर माकडटोपी. खिशात शेंगदाण्याचा लाडू, आणि काखेत एम. बी.

बांधकाम किंवा पाटबंधारे खात्यात ज्यांच्या घरी कुणी होतं, त्यांना एम. बी. सांगायला नको. मेजरमेंट बुक. काम किती झालं, लांबी-रुंदी-खोली किती, कोणी मोजलं, कोणी तपासलं. त्यात नोंद नसेल तर काम झालेलं नाही आणि बिल निघत नाही. अण्णांनी लांबट वही घेऊन तिच्यावर रकाने आखले होते: दिनांक, कुठून, कुठपर्यंत, मैल, हवामान, शेरा. शेवटचा रकाना ‘फोड’.

फोडांचा रकाना विनोद म्हणून नव्हता. माणूस चालतो याचे पैसे कुणी देत नाही, त्याला चालताना त्रास होतो याचे देतात, हे अण्णांनी पहिल्याच मुक्कामाला ओळखलं. ‘सुखरूप पोचलो’ असं पानावर टाकलं की सगळीकडे शांतता. ‘डाव्या टाचेला फोड’ टाकलं की वीस पौंड. फोड फुटल्याचं टाकलं की कोल्हापूरचे व्याही जागे व्हायचे. अण्णा फोडाला दुरून, जवळून आणि शेजारी पेन ठेवून असे तीन फोटो काढत, पेन प्रमाणासाठी. माझ्या पायांना काहीच झालं नाही, आणि ते मनाला लावून घेतल्यासारखे माझ्या मोज्यांकडे पाहत.

या वाटेवर एक शिस्त आहे. भिंतीवर चढायचं नाही हे उघड आहे, पण तिच्या कडेच्या गवतातून एकामागून एक चालायचं नाही, शेजारी शेजारी चालायचं. एकच चाकोरी पडली तर माती झिजते आणि खाली पुरलेले रोमन अवशेष उघडे पडतात. जन्मभर सगळ्यांच्या चार पावलं पुढं चाललेल्या माणसाला हा नियम जड गेला. पाटी त्यांनी दोनदा वाचली आणि मग मला बाजूला घेऊन, म्हणजे शब्दशः बाजूला घेऊन, चालायला लागले. त्यामुळे भिंतीच्या कामाबद्दलची त्यांची सगळी मतं मला सलग ऐकायला मिळाली.

आणि मतं होती! चेस्टर्सच्या आसपास त्यांनी टेप काढला. रोमनांनी भिंत आधी दहा रोमन फूट रुंद धरली होती आणि कित्येक ठिकाणी पायाही त्या मापानं घातला. मग विचार बदलला आणि त्याच रुंद पायावर अरुंद भिंत उभी राहिली. हे पुस्तकात लिहिलेलंच आहे, पण अण्णांना ते पुस्तकाशिवाय दिसलं. ते पायाच्या बाहेर आलेल्या दगडांवर उकिडवे बसले. नोकरीतला जुना मित्र भेटावा, तसा त्यांचा चेहरा उजळला.

“पाया दहाचा, भिंत आठाची. बिल कशाचं निघालं असेल?”

मी म्हटलं, सम्राटाचा हुकूम असणार.

“हुकूम वरून येतो, जावईबापू. माप खालीच बदलतं.”

पश्चिमेकडचा भाग आधी नुसत्या गवताळ मातीच्या ढेकळांचा होता आणि मग दगडाचा झाला, हे कळल्यावर त्यांनी “कच्चं काम, मग पक्कं काम, दोन्हीचं बजेट” असा शेरा मारला. कुठल्या तुकडीनं कुठला भाग बांधला ते कोरलेले दगड भिंतीत बसवलेले असत, त्याचं मात्र मनापासून कौतुक केलं. आमच्याकडे निदान हे व्हायला हवं होतं, म्हणाले. अठराव्या शतकात इंग्रज लष्करानं याच भिंतीचे दगड उपसून शेजारी रस्ता केला, हे मी त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळ चांगली चालली होती.

वाटेवर सात ठिकाणी शिक्के मारून घ्यायचा एक पासपोर्ट मिळतो, मे ते ऑक्टोबर एवढाच. हिवाळ्यात ओली जमीन तुडवली जाऊ नये म्हणून. शिक्का पुसट उठला की अण्णा त्यावर पुन्हा मारत आणि खाली सही करत.

हाउसस्टेड्सला शेजारच्या बाईंची मुलगी आम्हाला येऊन मिळाली. स्टील रिगपर्यंत ती आमच्याबरोबर चालणार होती. अंतर जेमतेम तीन मैल, पण सगळा चढउतार कड्यांचा. मधल्या खळगीतलं ते प्रसिद्ध सायकॅमोरचं झाड २०२३ मध्ये दोघांनी रात्रीत कापलं, त्याचं खोडही याच टप्प्यात लागतं. अण्णांनी तिला धीर देण्याची पूर्ण तयारी केली होती. “दमलीस की सांग, लाजायचं नाही,” हे वाक्य त्यांनी इंग्रजीत माझ्याकडून तपासून घेतलं होतं. पहिल्या चढाच्या माथ्यावर ती दगडावर बसून चिप्सचं पाकीट फोडत होती, तेव्हा अण्णा पायऱ्यांच्या मध्यावर भिंतीचं निरीक्षण करत उभे होते. निरीक्षण बराच वेळ चाललं.

तिचं खाणं हा त्यांना दुसरा धक्का. चीजचं सँडविच, त्यावर चॉकलेट, वर पुन्हा खारे शेंगदाणे. खाण्याआधी एन्झाइमच्या कॅप्सूल, कारण स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही आणि चरबी पचवायची तर रस बाहेरून घ्यावा लागतो. घामातून मीठ जातं म्हणून मीठही जास्त. रक्तदाबामुळे दहा वर्षं अळणी भाजी खाणारे अण्णा तिच्या खाऱ्या शेंगदाण्यांकडे ज्या नजरेनं पाहत होते, तिचा उल्लेख एम. बी.मध्ये नाही.

पुढं एका उतारावर समोरून चालणारा एक गट आला, त्यातल्या एका तरुणाच्या अंगात आमच्यासारखाच पिवळा टी-शर्ट. त्यानं लांबून हात केला आणि विचारलं, कुणासाठी चालताय?

मुलगी म्हणाली, “स्वतःसाठीच.”

तो म्हणाला, “मीही.”

आणि दोघंही एकदम एक पाऊल मागं सरकली.

अण्णांना वाटलं, भांडण आहे. ते दोघांना जवळ बोलवायला लागले, पानावर टाकायला फोटो हवा होता. मग तिनं समजावलं. आपल्या फुप्फुसांना न बाधणारे काही जंतू यांच्या फुप्फुसांत वस्ती करतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे गेले तर मोठं नुकसान करतात. म्हणून दवाखान्यातसुद्धा यांना एकमेकांपासून वेगळं बसवतात. आजार तोच, औषधं तीच, रोजचा नेब्युलायझर तोच, पण त्याच आजाराच्या माणसाशी हात मिळवायचा नाही. तिचे असे मित्र होते, पण सगळे फोनच्या पडद्यावरचे.

अण्णा ऐकत होते. मग त्यांनी टेप काढला, चांगले चार मीटर ओढले, एका टोकाला तिला आणि दुसऱ्या टोकाला त्याला उभं केलं, आणि “आता बोला निवांत” म्हणाले. दोघं खूप वेळ बोलली. कुठल्या गोळीनं काय होतं, कुणाचं इन्शुरन्स कसं, कुठला फिजिओ छळतो. अण्णा मध्ये टेप धरून उभे. फोटो मीच काढला. दोन पिवळी तरुण माणसं दोन कडांना आणि मधोमध माकडटोपी. त्या एका फोटोवर जितके पैसे आले, तितके सगळ्या फोडांवर मिळून आले नव्हते. अण्णांना याचा किंचित राग आला असावा, कारण त्या दिवशीच्या फोडांच्या रकान्यात त्यांनी दोन जास्त लिहिले.

रात्री पायांना व्हॅसलीन चोळता चोळता ते म्हणाले, “आमच्या वाड्यात एक पोर होतं. खायचं राक्षसासारखं, अंगाला काही लागायचं नाही. सारखं खोकायचं. मीठ-मोहऱ्या ओवाळायचे त्याच्यावरून.” मी पुढचं विचारलं नाही. ते काय होतं हे आता कोण सांगणार. भारतात कित्येक वर्षं हा आजार गोऱ्यांचाच मानला गेला, आणि अशी मुलं क्षय, न्यूमोनिया किंवा कुपोषण या नावाखाली गेली. अण्णांनी व्हॅसलीनचं झाकण लावलं आणि उद्याचे मैल काढायला घेतले.

बोनेसला शेवटचा शिक्का मारून झाला आणि खरी गंमत तिथं सुरू झाली. अण्णांच्या पुण्यातल्या मुलानं मैलाला एक पौंड कबूल केला होता. वाट ८४ मैलांची, हिशोब सोपा. अण्णांच्या एम. बी.त मात्र ९३ मैल निघाले. मुक्कामाला जाणं-येणं, कार्लाइलमध्ये चुकलेलं वळण, आणि भिंतीचा दक्षिणेकडचा खंदक नीट बघण्यासाठी घेतलेला वळसा. अण्णांनी ‘जादा बाब’ म्हणून नऊ मैलांचं वेगळं बिल केलं. मुलगा म्हणाला, टेंडर ८४चं आहे. अण्णा म्हणाले, काम प्रत्यक्ष झालंय, मोजमाप आहे. मुलगा म्हणाला, तपासलं कुणी?

रेडिंगला परत आल्यावर अण्णा वही घेऊन शेजारी गेले. मुलीनं ओळ न् ओळ वाचली, ‘तपासले’च्या जागी सही केली, आणि फोडांच्या रकान्यातले दोन लाल पेनानं कापले. पुण्याहून ९३ पौंड आले नाहीत. ८८ आले. उरलेले पाच मुलानं अनामत म्हणून रोखून धरलेत, दोष-दायित्व कालावधी संपेपर्यंत. अण्णा त्याला रोज स्मरणपत्र पाठवतात, जावक क्रमांक घालून.