विस्कटलेल्यांसाठी राखीव

माणसाला भांबावून सोडण्यासाठी इंग्रजीत क्रियापदांची वाण नाही. पण ‘डिस्कॉम्बॉब्युलेट’ हे क्रियापद उच्चारतानाच निम्मं काम उरकतं. बोलणाऱ्याची जीभ अडखळते, ऐकणारा “काय म्हणालात?” विचारतो आणि अर्थ सांगायची गरज उरत नाही. गंमत म्हणजे, ‘मी अमक्याला केलं’ असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘मी झालो’ असंच सगळे सांगतात. करणारा नेहमी फरार.

दिसायला लॅटिन, पण रोमशी याचं काडीचंही नातं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत भारदस्त लॅटिन पेहरावाचे खोटे शब्द पाडायची हौस आली होती. ‘पळाला’ म्हणायचं, तर ‘अ‍ॅब्स्क्वॉट्युलेट’! पंडितांची टिंगल म्हणून निघालेली ही नाणी पुढे पंडितांच्याच शब्दकोशात जाऊन बसली. त्यांतल्या एकाच्या वाट्याला मात्र भलताच प्रसंग आला. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरात ‘अवर अमेरिकन कझिन’ हे नाटक चालू होतं. त्यातल्या एका वाक्यात ‘सॉकडॉलजायझिंग’ असा याच जातीचा शब्द येतो आणि हमखास हशा पिकतो. जॉन विल्क्स बूथ स्वतः नट, त्याला नाटक पाठ. त्या हशातच त्याने लिंकन यांच्यावर गोळी झाडली.

असो. मला पडलेला प्रश्न साधा आहे: भांबावलेला माणूस ताळ्यावर आला, तर त्याला काय म्हणायचं? ‘डिस’ काढून पाहिलं तर उरतं नुसतं ‘कॉम्बॉब्युलेट’, आणि तसं क्रियापद मुळात नव्हतंच. म्हणजे इंग्रजीने विस्कटायची सोय केली, आवरायची नाही.

ती सोय केली विस्कॉन्सिनमधल्या मिल्वॉकीच्या विमानतळाने. २००८ मध्ये तिथे सुरक्षा तपासणीच्या पलीकडे बसायच्या जागेवर पाटी लागली: ‘रिकॉम्बॉब्युलेशन एरिया’. एका हाताने पँट सावरत, दुसऱ्यात पट्टा, काखेत लॅपटॉप, दातांत बोर्डिंग पास अशा अवस्थेत बाहेर पडलेल्यांनी इथे बसावं आणि पुन्हा माणसात यावं. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने त्या वर्षीचा सर्वांत कल्पक शब्द म्हणून याचीच निवड केली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने बूट काढायची सक्ती उठवली, तेव्हा त्या बाकांचा थोडा धंदा बसला असेल. पण पट्टे आहेत तोवर काळजी नाही.

“तुम्हाला विस्कटवलं, आता बसा जरा” असं लेखी कबूल करणारं दुसरं कार्यालय माझ्या पाहण्यात नाही. फक्त एक बारीक मेख आहे. तपासणी करतं केंद्र सरकारचं खातं आणि विमानतळ आहे मिल्वॉकी काउंटीचा. तेव्हा कबुली आहे खरी, पण दुसऱ्याच्या वतीने.