टाइलवरच्या अ‍ॅडेसिव्हचा शास्त्रोक्त विसर्जनविधी

बाथरूमच्या टाइल्स बसवून मिस्त्री निघाला की जाता जाता एक आशीर्वाद देतो, "काही नाही ताई, ओल्या फडक्यानं निघतंय सगळं." हे ऐकल्यावर उरलेले पैसे लगेच देऊ नयेत. ओल्या फडक्याने निघतं हे खरंच आहे. फक्त ते फडकं टाइल बसवल्याबरोबर फिरवायला हवं होतं. सिमेंटचं अ‍ॅडेसिव्ह नुसतं वाळत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. आता त्यावर बादल्या ओतणं म्हणजे शत्रूला खुराक देणं.

साधकाने आधी जात ओळखावी. खरवडल्यावर पीठ पडलं तर सिमेंट. पीठ न पडता नखच तुटलं तर इपॉक्सी. मग फुकट घाम न गाळता ते बनवणाऱ्या कंपनीचाच रिमूव्हर आणावा.

सिमेंटवाल्यासाठी उत्तम हत्यार म्हणजे मुदत संपलेलं एटीएम कार्ड. जागा ओली करून (धूळ नाकात जात नाही) कार्ड टाइलला जवळजवळ आडवं धरावं आणि डागाच्या कडेखाली सरकवावं. कड सुटली की खपली टक् करून उडते. त्या आवाजाची चटक लागते. जेवायला हाक आली तरी साधक उठत नाही. तारेची घासणी मात्र दूर ठेवावी. ती डागाबरोबर टाइलची चकाकीही नेते.

याच टप्प्यावर शेजारचे काका अ‍ॅसिडची बाटली घेऊन उगवतात. त्यांना चहा द्यावा, बाटली घेऊ नये. अ‍ॅसिड सिमेंट खातं, म्हणजे सांध्यांतलं ग्राउटही खातं, नळाचं क्रोम काळवंडवतं. संगमरवरी उंबऱ्यावर पडलं तर छान फेस येतो. तो फेस मळ निघाल्याचा नसून उंबरा निघाल्याचा असतो. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास क्लोरीन वायू सुटतो. हे वाक्य गमतीत लिहिलेलं नाही.

खपल्या सुपलीत भराव्यात. नहाणीच्या जाळीतून खाली सोडल्यास पुढचा पाहुणा प्लंबर.

उरलेली अर्धी गोणी "लागेल कधीतरी" म्हणून माळ्यावर चढवण्याचा रिवाज आहे. एका पावसाळ्यात दमट हवा पिऊन तिचा गोणीच्याच आकाराचा दगड होतो. तो गच्चीचं दार अडवायला चांगला.