कुटुंबातील रंगाधिकारी

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात पंगतीत आग्रह करणारा, आहेराची यादी सांभाळणारा आणि बारशाला नावावरून वाद घालणारा असे जे परंपरागत अधिकारी आढळतात, त्यांत संगणक घरोघरी पोहोचल्यानंतर आणखी एका पदाची भर पडली असून, त्याला सोयीसाठी ‘रंगाधिकारी’ म्हणता येईल. हे पद बहुधा चाळिशी ओलांडलेल्या एखाद्या आत्याबाईंकडे चालून येते. निवृत्त अभियंतेही अधूनमधून त्यावर हक्क सांगतात, परंतु ते रंगांपेक्षा फोल्डरांच्या नावांत अधिक रमत असल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही. आत्याबाईंचे कार्यक्षेत्र म्हणजे डिजिटल चिकटवही, अर्थात कात्री, डिंक आणि फोटो अडकवण्याचे कागदी कोपरे यांच्यावाचून संगणकाच्या पडद्यावर रचलेला असा संग्रह, ज्याचे पान बहुधा १२ इंच लांब व तितकेच रुंद असते आणि ज्यातील पार्श्वभूमी, चौकटी व अक्षरे यांचे रंग त्या पानावरील फोटोंतूनच उचलायचे असतात.

या शास्त्राचा मूळ नियम वरकरणी साधा आहे: आवडता फोटो घ्यावा, त्यातून चार-पाच रंग वेचावेत, एक पानभर पसरावा, दुसरा बेताने वापरावा आणि बाकीचे ठिपक्या-टिकल्यांपुरते ठेवावेत. सामान्य माणसाला फोटो आवडतो तो त्यातील माणसांमुळे, तर आत्याबाईंना तो आवडतो त्यातून निघणाऱ्या रंगांमुळे. म्हणून नवरदेवाचे डोळे मिटलेले, नवरीची अर्धी मुंडावळी चौकटीबाहेर गेलेली, पण मागच्या सोफ्याचा पिस्ता रंग वरमाईच्या अबोली शालूला नेमका जुळलेला असा फोटो मुखपृष्ठावर जातो, आणि अंतरपाट दूर होतानाचा, ज्यात दोघेही खरोखर हसत आहेत असा फोटो, मागे केटररचे निळे पिंप आल्यामुळे बाद ठरतो.

रंग वेचण्याच्या साधनाला आयड्रॉपर म्हणतात. पडद्यावर ते डोळ्यांत औषध घालण्याच्या नळीसारखे दिसते आणि फोटोतील कोणत्याही ठिकाणी टिचकी मारली की तेथील एका पिक्सेलचा, म्हणजे चित्राच्या सर्वांत लहान चौकोनी ठिपक्याचा, रंग सहा अंकाक्षरांच्या संकेतात सांगते. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही प्रकाशांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या, तर असे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ संकेत संभवतात, आणि त्यांतील बरेचसे एकट्या पैठणीत असावेत असा आत्याबाईंचा अनुभव आहे. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे पहिल्या टिचकीला मोरपंखी, शेजारच्या टिचकीला जांभळा आणि जरीच्या तिरिपेवर चुकून टिचकी पडल्यास निव्वळ पांढरा रंग हाती येतो. यावर आजूबाजूच्या पाच बाय पाच पिक्सेलांची सरासरी काढण्याची सोय आहे खरी, पण सरासरीने पैठणीतून ओल्या सिमेंटचा रंग निघतो, आणि जिची पैठणी आहे तिला तो दाखवता येत नाही.

त्यातही निम्मे रंग माणसांचे नसून मंडपवाल्याचे असतात. भर दुपारचे ऊन केशरी कापडातून गाळून खाली उतरले की अक्षता, टक्कल, भटजींचे उपरणे आणि उकडीचा भात या सर्वांवर एकच झाक चढते, आणि रात्र-रात्र जागून काढलेली रंगसंगती डेकोरेटरच्या गोदामात आयती पडून असते. पांढरी वस्तू संगणकाला दाखवून ही झाक काढता येते. परंतु त्यासाठी निवडलेले उपरणे मुळातच धुऊन धुऊन पिवळसर झालेले असल्यास ते पांढरे ठरते आणि सारे वऱ्हाड निळे पडते.

जुन्या फोटोंचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९७०च्या दशकातील पुष्कळ रंगीत फोटोंत निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर इतरांआधी विरला असून, त्यामुळे ते कपाटात ठेवल्या ठेवल्या तांबूस झाले आहेत. आत्याबाई या तांबूसपणाला ‘व्हिंटेज’ म्हणतात आणि त्यातून तपकिरी, विटकरी व बदामी अशी त्रयी काढतात. आजींच्या डोहाळजेवणाच्या पानासाठी त्यांनी साडीवरून असाच तपकिरी रंग वेचला, तेव्हा आजींनी चष्मा पुसत “अगं, डोहाळजेवणाला तपकिरी कोण नेसतं? हिरवीगार होती ती,” असे सांगितले. आत्याबाईंनी संकेत दाखवला. वस्तुतः त्या समारंभाला आत्याबाई स्वतःही उपस्थित होत्या, परंतु पोटात असल्यामुळे त्यांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. पान तपकिरीच छापले गेले.

प्रत्येक कुटुंबात एक मामा असतो आणि त्या मामाचा एक पोपटी शर्ट असतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळा रंग फिका दिसतो अशा तक्रारी आल्या, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या रंगांत आहे असे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या नियमानुसार तांबड्याशेजारी हिरवा ठेवला की दोन्ही अधिक भडक दिसतात. म्हणजे पोपटी शर्ट एकटा असता तर सोसवला असता, पण नवरीला हात धरून मंडपात आणण्याचा मान मामाचा, तो मान घेताना शेजारी डाळिंबी शालू, आणि हात नवरीच्या हातात असल्यामुळे मामा कापूनही टाकता येत नाहीत. अशा वेळी आत्याबाई रंगीत पानात तेवढेच मामा कृष्णधवल करतात.

छपाईत राणी रंगाचे पाणी पळते, कारण पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. पण त्याविषयी कोणी तक्रार करत नाही. नातेवाईक आपण किती पानांवर आहोत एवढेच मोजतात आणि जिलेबी कोणाकडची होती यावर बोलतात. मामांनी मात्र ते पान बराच वेळ न्याहाळून “आत्याबाई, अजून आहे मी, हार घालू नका,” असे म्हटल्यावर आत्याबाईंनी अस्सल अधिकाऱ्याला शोभेल असे धोरण स्वीकारले: पुढच्या साखरपुड्याच्या महिनाभर आधी त्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर पाच चौकोनी रंगांचे चित्र टाकून ‘कृपया यातलेच नेसावे/घालावे’ असे कळवले. नवरात्रातले नऊ रंग वर्षानुवर्षे निमूटपणे पाळणाऱ्या स्त्रियांनी त्यावर लगेच साड्यांचे फोटो पाठवले. पुरुषवर्गाने एकजात अंगठा दाखवला असून, त्यावरून संदेश वाचला गेला असे मानण्यास पुरेसा आधार उपलब्ध नाही.