चोरीची दिशा

बंगाली चाल मुंबईला गेली की तो सन्मान. मद्रासची चाल कोलकात्यात आली की तो दरोडा. कायदा एकच, कलमं मात्र स्टेशन बघून लागतात.

'दीप ज्वेले जाई' हा बंगाली सिनेमा घ्या. साल १९५९, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातल्या 'एइ रात तोमार आमार'ची चाल त्यांनीच १९६४ च्या 'कोहरा'त 'ये नयन डरे डरे'ला लावली. 'कोहरा'चे निर्माते कोण? हेमंतकुमारच. आता फिर्याद कुणी नोंदवायची?

पुढे दिग्दर्शक असित सेननी आपल्याच 'दीप ज्वेले जाई'चा हिंदीत 'खामोशी' केला. पण हुकमी चाल पाच वर्षं आधीच खर्च झालेली! हेमंतकुमारांना नवी बांधणं भाग पडलं. ती म्हणजे 'तुम पुकार लो'.

जुना माल संपला की माणूस काय काम करतो बघा.

सलील चौधरींचं 'ना जेओ ना' हे बिगरफिल्मी बंगाली गाणं. 'परख'मध्ये त्याचं 'ओ सजना' झालं. संगीतकार तेच, गळाही लताबाईंचाच. चोर आणि मालक एकाच सहीने पावती देतात, तिथे पोलीस काय करणार?

राहुलदेव बर्मननी आपल्या 'रुबी राय' या बंगाली गाण्याची चाल १९७३ च्या 'अनामिका'त वापरली. कोणत्याही बंगाली माणसाला विचारा, मूळ गाणंच सरस! मुंबईला उसनं दिल्याचा केवढा तो रुबाब.

आणि गीतकार? 'एइ रात' लिहिणारे गौरीप्रसन्न मजुमदार 'कोहरा'त नाहीत. तिथे कैफी आझमी. चाल मुंबईला पोचली, कवी हावड्यालाच राहिला.

त्याबद्दल कुणी मोर्चा काढला?

मग २००२ मध्ये बंगालीत 'साथी' आला, तमिळ सिनेमावरून बेतलेला. पाठोपाठ दक्षिणेकडच्या रिमेकची रांग लागली. तेव्हा मात्र भद्रलोकांना अस्सलपणा आठवला.

आता 'चारुलता' सिनेमा बघा. झोपाळ्यावर चारू गुणगुणते ते 'फुले फुले' रवींद्रनाथांचं. चाल स्कॉटलंडची. याला चोरी म्हणून दाखवा! कोलकात्यात त्याला संस्कृती म्हणतात.

या संस्कृतीवर शांतिनिकेतनातल्या विश्वभारतीच्या संगीत मंडळाचा पहारा असे. वाद्यं जरा जास्त वाजली की आक्षेप. देवव्रत विश्वासांसारख्या गायकाने वैतागून रवींद्रसंगीताचं रेकॉर्डिंगच सोडलं. २००१ अखेर रवींद्रनाथांच्या गाण्यांवरचा स्वामित्वहक्क संपला, तेव्हा कुठे मंडळाचा शिक्का सुटला.

तोवर स्कॉटलंडची चाल रेकॉर्ड करायलाही शांतिनिकेतनची परवानगी लागायची!