दुखणं बोर्डाच्या वारीच आणा

सिकलसेल आहे, त्यातही एसएस पॅटर्न, आणि आता निराधारचे पैसे लावून घ्यायचेत? उत्तम. आजाराने तुमची निम्मी तयारी करूनच घेतली आहे, उरलेली आम्ही करून घेतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबारकडच्या वाचकांनी हे पान कापून ठेवावं. मागची बाजू कोरी असेल तर अर्ज लिहायलाही होईल.

1. आधी हक्क समजून घ्या. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते 21 केले आणि त्यात सिकलसेल आला. म्हणजे कायद्याने तुम्ही दिव्यांग आहात. आता फक्त तसं सिद्ध करायचं आहे, निदान 40 टक्के.

2. रक्ताचे टक्के काढायला शिका. इलेक्ट्रोफोरेसिसच्या कागदावर आजार लिहिलेला असतो, त्रास लिहिलेला नसतो. वर्षात किती वेळा भरती झालात, किती वेळा रक्त चढवलं, ते कागदावर दाखवावं लागतं. तेव्हा प्रत्येक डिस्चार्ज कार्ड जपा. रात्री दुखायला लागलं, गाडी मिळाली नाही आणि गोळी खाऊन सकाळपर्यंत कण्हत पडलात, तर सरकारदरबारी ते दुखणं झालंच नाही. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल, पण शेजाऱ्यांकडे शिक्का नसतो.

3. दुखण्याला वार नेमून द्या. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून जरा थांबून वाचा.

सिव्हिलमध्ये अपंगत्वाचे टक्के ठरवणारं डॉक्टरांचं बोर्ड ठरलेल्या वारी बसतं. सिकलसेलचं दुखणं मात्र येतं-जातं. पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि माणूस हाडांच्या वेदनेनं लोळतो. चार-आठ दिवसांनी तोच माणूस पायावर उभा असतो. त्या बऱ्या दिवशी तुम्ही बोर्डापुढे गेलात की डॉक्टर मान वर करून बघतात आणि विचारतात, ‘चालत आलास ना?’ इथे ‘हो’ म्हणणारे नवशिके. पण खोटंही बोलू नका, दारातून आत येताना त्यांनी पाहिलेलं असतं.

मग दुखत असतानाच जावं, असं तुम्हाला वाटेल. हुशार आहात, पण दुखत असताना तुम्हाला कॅज्युअल्टीत नेतात, तिथून वॉर्डात. सलाईन लावून तुम्ही त्याच इमारतीत पडलेले असता, आणि खाली बोर्डाच्या यादीत तुमच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागतं.

यावर निसर्गानेच एक सोय केली आहे. थंडी, तहान आणि थकवा, या तिन्हींनी हे दुखणं उठतं. पहाटेची पहिली एसटी पकडा, रांगेत नंबर जाईल म्हणून पाणी पिऊ नका (पाणी प्यायलात की पुढचा प्रश्न संडासाचा येतो, आणि परत आल्यावर जागा राहत नाही), आणि दुपारपर्यंत उभे राहा. नीट साधलं तर बरोबर तुमचा पुकारा होताना हाडं बोलायला लागतील. थोडं आधी लागली तर मात्र पुन्हा वॉर्ड, पुन्हा गैरहजर. सरावाने जमतं.

4. अवयव निवडा. रक्त कुणाला दिसत नाही, हाड दिसतं. या आजारात कधीकधी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि सांधा निकामी होतो. वाईट वाटून घेऊ नका. एक्स-रेत तो लख्ख दिसतो आणि लंगडणं तर दारापासूनच दिसतं. शिवाय सरकारी नोकरीतलं दिव्यांगांचं 4 टक्के आरक्षण ज्या प्रकारांना आहे त्यांत चालण्याफिरण्याचं अपंगत्व येतं, रक्ताचे आजार येत नाहीत. यादी 21 ची असली तरी नोकरीच्या पंगतीला सगळे बसत नाहीत. तेव्हा नोकरी हवी असेल तर खुब्यावर लक्ष ठेवा.

5. गरीब राहा, पण दाखल्यासकट. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000. महिन्याला चार हजारांच्या वर थोडे, सगळ्या घराचे मिळून. लाडकी बहीण अडीच लाखांपर्यंत चालते. आजारी भाऊ 50,000 च्या पुढे चालत नाही. घरात कुणाला बरं काम लागत असेल तर वेळीच समजवा. तलाठ्याकडे जाताना स्वच्छ शर्ट घालू नका, आणि फाटकाही नको, नाटक वाटतं.

6. सेतूवर अंगठा लावा. युडीआयडी कार्ड, रेशनकार्ड, आधार, 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, बँकेचं पासबुक. आधारावर ‘भाऊराव’ आणि पासबुकावर ‘भावराव’ असाल तर आधी दोघांपैकी एकाला मारा. ‘सर्व्हर डाऊन’ म्हटलं तर वाद घालू नका, चहा पिऊन या. कार्ड मिळालं की रंग पाहा: 40 च्या आत पांढरं, 40 ते 80 पिवळं, त्यावर निळं. पांढरं आलं तर फ्रेम करा, दुसरा फारसा उपयोग नाही.

7. पैसे आले की हिशेब करू नका. दिव्यांगांना महिना 1,500 मिळायचे, ऑक्टोबर 2025 पासून 2,500 झाले. बोर्डाच्या फेऱ्यांची भाडी, झेरॉक्स आणि बुडालेली मजुरी यांतून वजा करायचा मोह होईल. आवरा.

8. जिवंत राहा, आणि तसं कळवा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याच दिवसांत भरती असाल तर घरच्यांना पाठवून उपयोग नाही, जिवंत असल्याचं स्वतः उठून जाऊन सांगावं लागतं.

9. प्रमाणपत्रावरची मुदत वाचा. आईबापांच्या रक्तातून आलेला, जन्मभराचा हा आजार. पण त्याचं प्रमाणपत्र पुष्कळदा तात्पुरतं मिळतं, मधल्या काळात बरे झालात तर कळावं म्हणून. मुदत संपत आली की पायरी 2 पासून पुन्हा सुरुवात करा. जुनी डिस्चार्ज कार्डं चालत नाहीत, नवी लागतात, तेव्हा शेवटच्या वर्षी भरती व्हायला हयगय नको. घाईही नको: 2047 पर्यंत हा आजार देशातून संपवायची मोहीम केंद्राने 1 जुलै 2023 ला शहडोलमधून सुरू केली आहे, तोवर बोर्डाच्या वारी या.